मंडळीनं गावं म्हणून: उपासनेतल्या गायनाची बांधणी, पट्टीवहीपासून दफनभूमीपर्यंत

रविवारी ख्रिस्ती देवळात गीत सुरू होतं. पेटी खणखणीत, माइकवरचा आवाज तयारीचा, आणि बाकांवरचे निम्मे लोक पुस्तक उघडून नुसते उभे. लगेच ‘मंडळी थंड पडली’ असा शेरा मारला जातो. पण बहुतेक वेळा मंडळी थंड नसते. गीत तिच्या गळ्याबाहेरच्या पट्टीत लावलेलं असतं, किंवा स्पीकर इतका मोठा असतो की शेजारी उभं असलेलं माणूस गातंय की नाही हेच कळत नाही. या दोन्ही गोष्टी सुधारता येतात. सातारा-सांगलीकडच्या पन्नास ते दीडशे माणसांच्या मंडळ्या डोळ्यांसमोर ठेवून पुढचा सगळा तपशील दिला आहे.

आधी गाणारा कोण, हे ठरवून घ्या. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात (3:16) पौल गाण्याची सांगड एकमेकांना शिकवण्याशी आणि बोध करण्याशी घालतो. म्हणजे गीत देवासाठी आहे, तसंच ते शेजारच्या माणसाच्या कानातही पडायला हवं. शेवटच्या भोजनानंतर येशू आणि शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे निघाले (मत्तय 26:30). त्या माडीवर श्रोता कुणीच नव्हता. क्वायर (गाणाऱ्यांचा तयार गट), पेटी, तबला, माइक ही सगळी मंडळीच्या गळ्याला हात देणारी माणसं आणि साधनं आहेत. पुढे कुठेही अडलात तर एवढंच विचारा: यानं मंडळीचा आवाज वाढतो की दबतो?

पट्टी: नव्वद टक्के बिघाड इथेच

पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या स्वरावर ‘सा’ धरायचा ते, बहुधा गीत चालवणारा स्वतःच्या गळ्यावरून ठरवतो, आणि तिथेच चूक होते. चढ्या गळ्याच्या पुरुषानं काळी तीन (सप्तकातला तिसरा काळा स्वर) धरली की तार षड्ज (वरचा सा) बायकांच्या आवाक्याबाहेर जातो. मग त्या एक सप्तक खाली उतरून पुटपुटतात. शास्त्रीय शिकलेल्या बाईनं सवयीनं काळी चार धरली, तर पुरुषांना खालचं सप्तक फार खोल आणि वरचं फार उंच पडतं, आणि ते गप्प होतात. दोन्ही वेळा चालवणाऱ्याचा आवाज मात्र छान लागलेला असतो, त्यामुळे चूक त्याला ऐकूच येत नाही.

उपाय असा. ‘सा’ कुठे धरायचा हे सुरुवातीला ठरवूच नका. गीतातला सर्वांत वरचा सूर शोधा, तो बहुधा अंतऱ्यात किंवा कडव्याच्या तिसऱ्या ओळीत सापडतो. तो सूर पेटीवर वरच्या सप्तकातल्या पांढरी एक ते पांढरी दोन यांच्या दरम्यान बसवा. पांढरी दोनच्या वर मिश्र मंडळीला नेऊ नका. मग सर्वांत खालचा सूर पाहा. तो मधल्या सप्तकाच्या खालच्या पांढरी सहाच्या आसपास थांबला पाहिजे. पुरुष हेच सूर एक सप्तक खाली गातील.

गीत मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंत जात असेल, तर सा पांढरी एक किंवा काळी एक. मंद्र पंचमापासून (खालच्या प पासून) मध्य धैवतापर्यंतच (मधल्या ध पर्यंत) फिरणारं गीत असेल, तर सा पांढरी तीन किंवा चार. तार गंधारापर्यंत (वरच्या ग पर्यंत) चढणाऱ्या गीताला सा खालच्या काळी पाचवर आणावा लागतो. तेच गीत मंद्र धैवतालाही जात असेल, तर ते सगळ्यांनी मिळून गायचं गीतच नाही. अंतरा क्वायरनं गावा आणि ध्रुपद (दर कडव्यानंतर परत येणारी ओळ) मंडळीनं उचलावं.

सकाळी सात-साडेसातची उपासना असेल तर सगळ्या पट्ट्या अर्ध्या सुरानं उतरवा. झोपेतून उठून तासभर झालेला गळा वर जात नाही. पाचगणी-महाबळेश्वरकडच्या थंडीत तर अर्धा सूरही कधी कधी कमी पडतो.

पट्टीवही

दोनशे पानी वही घ्या. एका पानावर एकच गीत. गीताचा क्रमांक (‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक वापरत असाल तर त्यातला), पहिली ओळ, चाल कुणाकडून आली ते, सा कुठे, सर्वांत वरचा सूर कोणता, ठेका, लय, कोणती कडवी गायची आणि शेवटचं कोणत्या तारखेला गायलं. पेन्सिलनं लिहा, कारण पट्टी दोन-तीनदा बदलावी लागते.

वही पेटीवाल्याच्या घरी ठेवू नका, देवळाच्या कपाटात ठेवा. पेटीवाला बदली होऊन गेला की वीस वर्षांच्या चाली त्याच्याबरोबर जातात. फोनवर चाल रेकॉर्ड करून ठेवलीत तर फारच चांगलं, पण रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तोंडी सांगा: गीत क्रमांक अमुक, सा काळी एक.

वहीमुळे आणखी एक हिशेब दिसू लागतो. रविवारी पाच गीतं धरली तर 52 रविवारांत 260 जागा होतात. मंडळीला 65 गीतं नीट येत असतील, तर प्रत्येक गीत वर्षातून चारदा येतं, आणि ओळख टिकायला तेवढं पुरतं. दोनशे गीतांचा हव्यास धरला की प्रत्येक गीत अर्धवट येतं. उलट वीसच गीतं फिरवली तर लोक शब्दांचा विचार न करता गातात.

गीत निवडताना

आधी पाळकांकडून शास्त्रपाठ आणि उपदेशाचा विषय घ्या, गुरुवारपर्यंत. शनिवारी रात्री दहा वाजता निरोप आला की क्वायर आपली पाठ असलेलीच गीतं काढते.

नव्वद मिनिटांच्या उपासनेत गायनाला वीस ते पंचवीस मिनिटं मिळतात. एका कडव्याला किती वेळ लागतो ते मोजून पाहा. चार ओळी, प्रत्येक ओळीला आठ मात्रांची दोन आवर्तनं, म्हणजे 64 मात्रा. ध्रुपदाच्या 32 धरून 96. मिनिटाला 80 मात्रांच्या लयीत हे सव्वा मिनिटाच्या आत बसतं. चार कडव्यांचं गीत म्हणजे पाच मिनिटं. पाच गीतं पूर्ण गायची तर पंचवीस मिनिटं तिथेच संपली. म्हणून काही गीतांची कडवी कमी करावी लागतातच. पण ‘पहिलं, दुसरं आणि शेवटचं’ ही सवय सोडा. कित्येक गीतांत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांना एकेक कडवं दिलेलं असतं. मधलं गाळलं तर त्रैक्यातला एक जण गळतो. येशूच्या दुःखसहनाची गोष्ट सांगणाऱ्या गीतात तिसरं कडवं वगळून थेट पुनरुत्थान गाणं हाही तसलाच प्रकार. आधी वाचा, मग कापा.

पहिलं गीत सगळ्यांना येणारं, उभं राहून गायचं, मध्यलयीचं असावं. पापांगीकारानंतरचं गीत संथ. उपदेशानंतरचं गीत उपदेशाच्या विषयाचं, आणि तिथे नवं गीत कधीच नको. त्या क्षणी माणसाला चाल शोधायला लावू नये. अर्पणाच्या वेळी हात खिशात आणि लक्ष थैलीकडे असतं, तेव्हा नुसती पेटी वाजली तरी चालते. प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला) ऐंशी माणसं असतील तर वाटपाला बारा ते पंधरा मिनिटं लागू शकतात. तिथे छोटं, ध्रुपद पाठ असलेलं गीत हवं, कारण माणूस पुस्तक न घेता पुढे जातो. मधे एक-दोन मिनिटांची शांतता मुद्दाम ठेवा.

कॅथलिक मंडळींत मिस्साविधीचा स्वतःचा क्रम असतो आणि तो पाळावाच लागतो. ईस्टरआधीच्या उपवासकाळात ग्लोरिया (देवाच्या गौरवाचं स्तोत्र) आणि आलेलुया गायचं नाही, हे नव्या क्वायरला आधीच सांगून ठेवा. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनं 4 डिसेंबर 1963 रोजी जाहीर केलेल्या उपासनेवरच्या दस्तऐवजापासून लोकभाषेला आणि लोकांच्या सहभागाला मोठी वाट मिळाली. त्यामुळे पट्टीचे वरचे नियम तिथेही जसेच्या तसे लागू पडतात.

अभंग, पद आणि परदेशी चाल

नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. आयुष्याची शेवटची वर्षं ते साताऱ्यात होते आणि 1917 मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. ख्रिस्ती भक्ती अभंगाच्या आणि भजनाच्या वाटेनं गायला लावणाऱ्यांत त्यांचं नाव अग्रभागी आहे. सातारकर मंडळ्यांनी हा वारसा केवळ भाषणात न ठेवता गळ्यात ठेवावा, असं आम्हाला मनापासून वाटतं. त्याला व्यावहारिक कारणही आहे. मोठ्या अभंगाच्या चौकात (एका कडव्यात) सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. एवढा छोटा घास कोणाच्याही श्वासात बसतो. लोणंद, तरडगाव, फलटण हा तर आळंदीच्या पालखीचा रस्ता. तिथल्या माणसाच्या कानाला भजनी ठेका शिकवावा लागत नाही.

भजनाची दुसरी सोय म्हणजे एकानं म्हणायचं आणि सगळ्यांनी उचलायचं. हेही काही परकं नाही. स्तोत्र 136 मध्ये 26 ओव्या आहेत आणि प्रत्येकीच्या शेवटी देवाच्या सनातन दयेचं तेच पालुपद येतं. निरक्षर म्हाताऱ्या आणि पहिलीतली पोरं दोघंही त्यात पूर्ण वाटेकरी होतात. महिन्यातून एकदा तरी एक स्तोत्र असं म्हणा: वाचणाऱ्यानं पहिला अर्धा भाग, मंडळीनं दोन-तीन सुरांतलं सोपं पालुपद.

परदेशी चालींवर बसवलेली मराठी गीतं टाकून द्यायची गरज नाही. पिढ्यांनी ती गायली आहेत आणि कित्येकांच्या मरणशय्येपाशी तीच म्हटली गेली आहेत. मात्र त्यांत ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होतो. चालीतला लांब सूर मराठीच्या ऱ्हस्व अक्षरावर पडला की ‘मरण’चं ‘मारण’ होतं आणि ‘वर’चा ‘वार’. पुनरुत्थानदिनी ‘मारण जिंकलं’ असं ऐकू येणं बरं नव्हे. अशा ठिकाणी तो सूर लांबवू नका. अक्षर जेवढ्यास तेवढं म्हणून उरलेली मात्रा पेटीला द्या, किंवा पुढच्या दीर्घ अक्षरावर थोडं लवकर पोचा. क्वायरला आधी गीत चालीशिवाय, फक्त ठेक्यावर बोलायला लावा. कुठे अडतं ते पाच मिनिटांत कळतं.

ठेका आणि रेंगाळणारी लय

केरवा (धा गे ना ती, ना क धी ना) आणि दादरा (धा धी ना, धा ती ना) एवढ्या दोन ठेक्यांवर बहुतेक काम भागतं. भजनी आणि धुमाळी आले की अभंगांची सोय झाली. सात मात्रांचा रूपक मंडळीनं गाताना हमखास आठचा होतो. तो क्वायरसाठीच राखून ठेवा.

लय मोजायला घड्याळ पुरतं. पंधरा सेकंदांत वीस मात्रा पडल्या की मिनिटाला 80. मंडळीच्या गायनाला 70 ते 90 सोयीची. त्याहून संथ गेलं तर म्हाताऱ्यांचा श्वास ओळ संपण्याआधी तुटतो. त्याहून जलद गेलं तर जोडाक्षरं चिरडली जातात.

प्रत्येक कडव्यागणिक लय रेंगाळत जाते, ही सगळीकडची तक्रार. कारण सोपं आहे. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. सतरा मीटर लांबीच्या देवळात मागच्या बाकाला ठेका सेकंदाच्या विसाव्या भागानं उशिरा पोचतो, आणि त्यांचा आवाज तेवढाच आणखी उशिरा पुढे येतो. पुढचा पेटीवाला मागच्यांची वाट पाहतो, मागचे त्याची, आणि गीत बसत जातं. दगडी भिंती आणि उंच छत असेल तर घुमारा त्यात भर घालतो. म्हणून तबलजीनं सभागृह ऐकायचंच नाही. त्यानं गीत चालवणाऱ्याच्या हाताकडे पाहायचं, आणि चालवणाऱ्यानं कडव्याच्या पहिल्या शब्दाला अगदी वेळेवर सुरुवात करायची. कडव्यांमध्ये पेटीचे लांब तुकडे वाजवू नका. चार किंवा आठ मात्रा आणि लगेच शब्द. तुकडा दर वेळी तेवढ्याच मात्रांचा हवा, नाहीतर लोकांना उचल सापडत नाही. टाळ एकाच माणसाच्या हातात द्या. तीन टाळ म्हणजे तीन लयी.

नवं गीत शिकवणं

महिन्याला एकाहून जास्त नको. चार रविवारांचा क्रम ठरवा.

पहिल्या रविवारी अर्पणाच्या वेळी फक्त पेटीवर चाल वाजवा आणि क्वायरनं एकदा गावी. घोषणा नको. दुसऱ्या रविवारी उपासनेपूर्वी आठ मिनिटं घ्या. आधी शब्द वाचा, अवघड शब्दाचा अर्थ एका वाक्यात सांगा, मग फक्त ध्रुपद ओळीओळीनं: चालवणारा एकदा, मंडळी दोनदा. या वेळी तबला बंद ठेवा आणि पेटीवर सरळ सूर वाजवा, हरकती (सजावटीचे सूर) नकोत. शिकवणाऱ्यानं जी मुरकी घेतली तीच चाल समजून मंडळी उचलते आणि पुढे वीस वर्षं ती हलत नाही. तिसऱ्या रविवारी कडवी क्वायरनं, ध्रुपद सगळ्यांनी. चौथ्या रविवारी सगळं सगळ्यांनी. त्यानंतर दोन आठवडे विश्रांती आणि मग पुन्हा एकदा. हे शेवटचं पुन्हा गाणं राहून गेलं तर चार रविवारांची मेहनत वाया जाते.

शब्बाथशाळेत (मुलांच्या रविवारच्या वर्गात) तेच गीत त्याच महिन्यात घ्या. मुलं घरी गुणगुणतात आणि आईबापांना शिकवतात.

वाद्यं

पेटीचा मान पहिला, कारण ती गळ्याच्या जवळची आहे. गाताना फक्त चाल वाजवा, डाव्या हाताचा भाता एकसारखा ठेवा. ओळ संपताना भाता थांबला की सूर पडतो आणि मंडळीही पडते.

पेटी आणि कीबोर्ड एकत्र वाजवायचे असतील तर आधी दोघांची पांढरी एक एकत्र दाबून ऐका. आवाजात ‘वांव-वांव’ अशी लाट आली तर सूर जुळलेले नाहीत. पेटी तिथल्या तिथे जुळवता येत नाही, तिचे स्वर (आतल्या धातूच्या पात्या) घासून बसवावे लागतात. कीबोर्डच्या ट्यूनिंगमध्ये मात्र 440 हर्ट्झचा आकडा थोडा वरखाली करून लाट थांबेपर्यंत आणता येतो. तो आकडा पट्टीवहीच्या पहिल्या पानावर लिहा. कीबोर्डचा तयार ताल वापरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. यंत्र श्वास घेत नाही, आणि मंडळी शब्दाला अडली तरी ते पुढेच जातं.

तबला सा ला जुळवलेला असतो आणि दर गीताला सा बदलला तर तो बेसूर वाजतो. म्हणून एका रविवारची गीतं दोनच पट्ट्यांत बसवा. काळी एकला सव्वापाच ते साडेपाच इंची तोंडाचा तबला चालतो. पट्टी अर्ध्या सुरानं हलली तर हातोडीनं भागतं, त्याहून जास्त ओढाताण केली तर पुडी (तबल्याचं कातडं) फाटते.

पावसाळ्यात, विशेषतः घाटमाथ्याकडे, पुडी सैल पडते, पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात आणि स्वरांना गंज धरतो. पेटी भिंतीला टेकून किंवा फरशीवर ठेवू नका. लाकडी पाटावर, कापडात गुंडाळून, आत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या घाला. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं वाजवा. उन्हात मात्र वाळवू नका, लाकूड तडकतं.

सांगली जिल्ह्यातल्या मंडळ्यांना एक मोठी सोय दाराशीच आहे. मिरजेत तंतुवाद्य बनवणाऱ्यांची जुनी परंपरा आहे, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. क्वायरच्या सरावाची पहिली पंधरा मिनिटं तानपुऱ्यावर फक्त सा आणि प धरून घालवा. पेटीच्या आधारानं झाकलेला कणसूर तानपुऱ्यापुढे उघडा पडतो. तानपुरा परवडत नसेल तर फोनवरचा चालेल.

माइक आणि स्पीकर

कसोटी एकच. गीत चालू असताना मधल्या बाकावर जाऊन उभे राहा. दोन्ही बाजूंच्या माणसांचे आवाज ऐकू आले पाहिजेत. आले नाहीत तर आवाज कमी करा. स्पीकरनं झाकलेला माणूस दोन ओळींत गायचं थांबतो.

गीत चालवणाऱ्यानं पहिली ओळ माइकपासून चार बोटांवर गावी. मंडळीनं उचल घेतली की हातभर मागे सरावं आणि पुढच्या कडव्याच्या पहिल्या शब्दाला पुन्हा जवळ यावं. पेटीचा माइक वरच्या बाजूनं वीतभर अंतरावर ठेवा, भात्यापासून दूर, नाहीतर हवेचा फसफसाट येतो. तबल्याला माइक शक्यतो नकोच. शिट्टी येत असेल तर स्पीकर माइकच्या मागे आहे का पाहा आणि तो माइकच्या पुढे न्या.

शेवटचं कडवं वर्षातून काही वेळा वाद्यं पूर्ण थांबवून गा. पहिल्यांदा लोक दचकतात, आवाज अर्धा होतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी भरून येतो.

देवळाबाहेर: कॅरल, पहाट आणि दफनभूमी

नाताळच्या कॅरल फेरीला घरामागे पंधरा मिनिटं धरा, म्हणजे संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळात आठ घरं. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे. सणांच्या ठराविक दिवशी शासन मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण ती आहे का हे आधी विचारून घ्या. पुनरुत्थानदिनाच्या पहाटेच्या उपासनेलाही हाच नियम. तिथे लोकांना अर्धवर्तुळात जवळजवळ उभं करा आणि वाऱ्याकडे पाठ ठेवा. माइकची गरज पडत नाही.

दफनाच्या वेळी पेटी नसते आणि तयारीही नसते. गळे दाटलेले असतात, म्हणून पट्टी रविवारपेक्षा पूर्ण एक सुरानं खाली घ्या. फोनवर सा ऐकून मगच सुरुवात करा. अंदाजानं धरलेला सूर अशा वेळी नेहमी चढा लागतो. तीन गीतं आधीच ठरवून ठेवा, ज्यांचं ध्रुपद आणि पहिलं कडवं सगळ्यांना पाठ आहे, आणि ती पट्टीवहीच्या शेवटच्या पानावर लिहा. घरच्यांना आवडीचं गीत विचारा, पण ते अवघड असेल तर घरी म्हणा, कबरीपाशी नको. लय रेटू नका, आणि रडण्यानं मधे खंड पडला तर थांबू नका. बाकीच्यांनी तीच ओळ पुन्हा घ्यावी. माती लोटायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ एकच ध्रुपद हळू आवाजात फिरवत राहा, फावडी खाली ठेवली जाईपर्यंत.